विचारल्याशिवाय न बोलणारी बटणं

गिरगावातल्या टायपिंग क्लासचा जिना चढतानाच खडखडाट कानावर यायचा. आत गोदरेजच्या मशीनची रांग. गोदरेजने देशात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली ती 1955 मध्ये. बटण दाबलं की दांडी उसळून रिबिनीवर आपटायची आणि अक्षर उमटायचं. दोन बटणं एकदम दाबली तर दांड्या एकमेकींत अडकायच्या. बाई त्या बोटाने अलगद सोडवायच्या.

पुढे लॅमिंग्टन रोडवरून गोल पिनेचा कीबोर्ड घेतला. त्यात दांडी नव्हती, पण बटण दाबलं की तो आपणहून कॉम्प्युटरला कळवायचा. यूएसबी कीबोर्डचा स्वभावच वेगळा. तो विचारल्याशिवाय बोलत नाही. आधी त्याला पत्ता द्यायचा, तू कोण ते विचारायचं, मग सारखी चौकशी करत राहायची. तेव्हा आठ बाइटचं उत्तर येतं. पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत दाबलेली बटणं. खालच्या बाणाचा आकडा 81, एंटरचा 40.

लिनक्स चालू झालं की ही चौकशी ते करतं. पण परळला आम्ही जे छोटे बोर्ड बनवतो, त्यांवर लिनक्सच्या आधी यू-बूट जागं होतं. वोल्फगांग डेंक यांनी उभा केलेला हा प्रोग्रॅम. यूएसबी चालू कर असं सांगितल्याशिवाय तो त्या पोर्टकडे बघत नाही, आणि इनपुटच्या यादीत कीबोर्ड घातल्याशिवाय त्याचं ऐकत नाही. पडद्यावर कोणती सिस्टिम सुरू करायची त्याचा मेनू दिसतो, बाण दाबावा तर ओळ हलत नाही, सेकंद मात्र उलटे सरकत राहतात.

यूएसबी तपासताना दर वेळी काही सेकंद जातात, म्हणून ते बंदच ठेवू, असं सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. दादरच्या दुकानात आमचा बोर्ड असलेला बिलिंगचा डबा अडला, तर तिथल्या पोराच्या हाताशी कीबोर्डच असतो. यू-बूटशी थेट बोलायची सिरियल केबल परळला, आमच्या बॅगेत. मेनूतली जुन्या सिस्टिमवर परत जायची ओळ त्याला समोर दिसते, तर ती निवडताही आलीच पाहिजे.

यू-बूटमध्ये कीबोर्ड चालवायचं काम सध्या अडलंय ते आतच हब, म्हणजे जादा यूएसबी पोर्ट देणारा भाग, असलेल्या कीबोर्डांपाशी. आधी हब ओळखायचा, त्याच्या पोर्टला वीज देऊन जरा थांबायचं, मगच बटणांशी बोलायचं. त्यासाठी शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातले चार तऱ्हेचे कीबोर्ड आणणार आहे. दुकानांत तेच असतात.