मेळघाटातली शाळा

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला गेलात, तर वाटेतल्या एखाद्या शाळेत जरूर डोकावा. घरी कोरकू बोलणारी मुले तिथे मराठी पुस्तक हाती धरतात. कोरकू ही मुंडा कुळातली, संथालीची बहीण. 'कोरो' म्हणजे माणूस. त्याला 'कू' जोडले की झाली माणसे.

तिथले मराठीचे एक गुरुजी मुलांकडूनच कोरकू शिकायला बसले. चार शब्दांतच जीभ अडखळली, मुले हसली. गुरुजींना उमगले, वर्गात गप्प बसणारे पोर मठ्ठ नसते. आता ते आधी कोरकू शब्द विचारतात, मग मराठी देतात.

लावणीनंतर रोप चार दिवस मान टाकते; म्हणून कोणी उपटून फेकत नाही. तुमचे पोर शाळेत अडले, तर त्याला गुरांमागे धाडण्याआधी हे आठवा.