फॉर्मॅट करायची का? नाही!

संगणक विचारतो त्या प्रश्नांत मला सगळ्यात फसवा वाटतो तो हा : "ही डिस्क फॉर्मॅट केलेली नाही. आता करायची का?" इतका सभ्य प्रश्न, की कुणीही 'हो' म्हणून जावं. आणि 'हो' म्हटलं की फ्लॉपीवरचं गेलंच म्हणून समजा!

मंडळी, फॉर्मॅट म्हणजे काय ते मला वहीवरून कळलं. शाळेत मराठीला दुरेघी वही, इंग्रजीला चौरेघी. कोरी फ्लॉपी म्हणजे न आखलेला कागद. फॉर्मॅट करताना संगणक त्यावर रेघा आखतो. नेहमीच्या साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंना ८०-८० गोल वाटा, प्रत्येक वाटेचे १८ तुकडे, तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार करून पाहा, १४,७४,५६० येतात. हीच ती '१.४४ एमबी'. शिवाय कुठली फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका. ती विंडोजची एका पद्धतीची, ॲपलच्या मॅकची दुसऱ्या. मॅकची अनुक्रमणिका विंडोजला कळत नाही, आणि मग ते फ्लॉपीच कोरी ठरवून मोकळं होतं. आपल्याला मोडी येत नाही म्हणून दप्तर कोरं म्हणावं, तसं!

हे सगळं आठवायचं कारण आमचा दादा. तो मोहन्याच्या एनआरसीत होता. निवृत्तीनंतर त्याने घराण्याची हकीकत लिहिली आणि १९९६ साली कल्याणच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. पुस्तक काही निघालं नाही. हस्तलिखित २६ जुलै २००५च्या पुरात गेलं. आता दादाही नाही. उरल्या माळ्यावरच्या पाच फ्लॉप्या.

मला त्यातली दोन नावं हवी होती. माझ्या जन्माआधी आमची दोन भावंडं गेली. आई तो विषय कधी काढत नसे. "नावं लिहून ठेवलीत," एवढं दादा एकदा बोलला होता.

परवा डोंबिवलीचा भाचा यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन आला. आधी त्याने फ्लॉपीच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून खिडकी उघडी केली, म्हणजे तिच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. फ्लॉपी आत घातली, आणि आला की तो प्रश्न! "आत्या, कशाला हात लावू नकोस," म्हणाला. लिनक्सवर त्याने प्रत्येक फ्लॉपीची हुबेहूब नक्कल उतरवली आणि तिच्यातून फाइली काढल्या. डीटीपीवाल्याकडे मॅक होता तर! नशीब, फ्लॉप्या १.४४च्या होत्या. मॅकच्या जुन्या ८०० केबीच्या असत्या तर ड्राइव्हने हात टेकले असते. त्यांत चकतीचा वेगच बदलता असे.

फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची जागा मिळाली, पण विंडोजमध्ये ती सोय आली विंडोज २०००पासून. भाच्याने फॉन्ट शोधून मजकूर युनिकोडमध्ये बदलला. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला, रफार बेपत्ता! मग छापील कागद आणि लाल पेन घेऊन मी बसले. चौथ्या फ्लॉपीचे काही तुकडे वाचताच आले नाहीत. आजोळचा भाग गेला तो गेलाच.

नावं दुसऱ्या फ्लॉपीत होती. वयंही होती. ती इथे लिहीत नाही. घरच्या सगळ्यांना छापील प्रत पाठवते आहे.

सोनीने फ्लॉप्या विकणं २०११ मध्ये थांबवलं. तुमच्या माळ्यावर असतील तर लवकर काढा. खिडकी उघडी करा, आधी नक्कल, मग वाचन, आणि हाती लागेल ते कागदावर छापा. तो प्रश्न आलाच तर 'नाही' म्हणा, आणि जाणकाराला बोलवा.