भिंतीतली ओल

यंदा उन्हाळ्यात आम्ही पतिपत्नीने बेळगावच्या आमच्या जुन्या घराची भिंत स्वतःच दुरुस्त केली. दरवर्षी पोपडे खरवडायचे, पुट्टी भरून रंग द्यायचा. पावसाळा आला की पुन्हा तेच. या वेळी गिलावाच फोडला. गच्चीच्या भेगेतून पाणी मुरत होते. आधी भेग बुजवली, विटा वाळू दिल्या, मग सिमेंटचा गिलावा करून 7 दिवस पाणी मारले.

त्याच आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत यहेज्केल 13 वाचला. शांती नसताना शांती सांगणाऱ्यांना देव तिथे भिंतीला नुसता चुना फासणारे म्हणतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले. घराच्या वाटणीवरून थोरल्या दादा-वहिनींशी आमचा अबोला होता. उपासनेनंतर हसून ‘जय ख्रिस्त’ म्हणायचो, तेवढाच रंग. आईच्या आजारपणाचा खर्च त्यांनी एकट्याने सोसला, तो आम्ही वाटणीत धरलाच नव्हता.

रविवारी त्यांच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली, हिशेब पुढे ठेवला. वहिनींनी चहा दिला. दादा अजून फारसे बोलत नाहीत. गिलावाही एका दिवसात पक्का होत नाही.

प्रभू येशू, आमच्या आतली ओल आम्हाला दाखव. आमेन.