आकाश दिसेल अशा ठिकाणी

'हा', 'तो', 'इथे', 'तिथे' या शब्दांना बोलणाऱ्याच्या जागेवाचून अर्थ नसतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्यांचा उरलेला अर्थ बोलणाऱ्याच्या हातात असतो, हे मात्र व्याकरणाच्या पुस्तकात नाही. ते मला रस्त्याने शिकवले. पुण्याच्या पेठांत पत्ता विचारला की उत्तर येते, "हे काय, असे सरळ जा आणि तिकडे वळा." सांगणारा सौजन्याने हात करतो, आणि नेमका तो हात मला दिसत नाही. विचारण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण नव्या जागी कुणाला न विचारता पोहोचावे, ही इच्छा डोळस माणसाइतकीच मलाही आहे. उपग्रहांवरून स्थान सांगणारा, फोनहून वेगळा असा रिसीव्हर घ्यावा काय, हा विचार गेले काही महिने चालू आहे तो या इच्छेपोटी.

एके काळी असा रिसीव्हर ही गरजच होती. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, आणि पायी चालणाऱ्याला ही यंत्रणा उपयोगी पडू लागली. पुढे सिंबियन फोनांवर अंध वापरकर्त्यांसाठी 'लोडस्टोन' हे मोफत सॉफ्टवेअर आले, तेव्हा बहुतेक फोनांत जीपीएस नव्हते. वेगळी डबी ब्लूटूथने जोडावी लागे. आज फोनात सारे आहे. २०१८ पासून तर दोन वारंवारतांवर संकेत घेणारे फोनही मिळतात, आणि त्या बाबतीत ते कित्येक जुन्या डब्यांहून सरस आहेत.

मग डबी कशाला? माझ्या एका हातात काठी असते. दुसरा हात भिंत, कठडा, उभी केलेली दुचाकी चाचपण्यासाठी मोकळा लागतो. फोन खिशात जातो, आणि खिशातल्या फोनाला माझेच शरीर अर्धे आकाश झाकून टाकते. रिसीव्हर मात्र पिशवीच्या पट्ट्याला, खांद्यावर अडकवता येतो. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की उपकरण आकाश स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी ठेवावे. मला न दिसणारे आकाश माझ्या खांद्याला दिसावे, यात कुणाला काव्य दिसेल. मला सोय दिसली.

दुकानात मात्र वेगळेच प्रश्न निघाले. विक्रेत्याने सेकंदाला दहा वेळा स्थान सांगण्याची क्षमता अभिमानाने ऐकवली. ती वाहनांसाठी ठीक. मी सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतो, मला एकदा सांगितले तरी पुरे. खोक्यावरच्या 'अडीच मीटर अचूकता' या शब्दांचाही अर्थ लावावा लागतो. बहुधा तो असा असतो, की मोकळ्या आकाशाखाली निम्मी उत्तरे अडीच मीटरच्या आत पडतील. उरलेली निम्मी बाहेर. पदपथ आणि बसची वाट यांत तेवढेही अंतर नसते. शेवटी मी विचारले, "हा चालू झाला हे मला कसे कळणार?" तो म्हणाला, "हा दिवा बघा ना सर, निळा लुकलुकतो." मग तोच गप्प झाला. बिचाऱ्याचा दोष नव्हता. जोडणी झाली, स्थान सापडले, बॅटरी संपत आली, असे जे जे त्या डबीला सांगायचे होते ते ती दिव्यांच्या रंगांत सांगत होती. तिचे बटणही दाबून वर येणारे; चालू आणि बंद बोटाला सारखेच. सरकवण्याचे बटण असलेली साधी, जाड डबी मला त्या सगळ्या सुबक डब्यांहून बोलकी वाटली.

एका विद्यार्थ्याने आपला रिसीव्हर आठवडाभरासाठी दिला. माझ्या अँड्रॉइड फोनवर त्याचे ऐकायचे तर विकसकांसाठीच्या पर्यायांत शिरून एका ॲपला 'बनावट स्थान' देण्याची परवानगी द्यावी लागते. खऱ्या स्थानासाठी बनावट स्थानाची परवानगी! असो. मैदानावर त्याने चोख काम केले. पेठेतल्या बोळात शिरताच, दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून उशिरा पोहोचणारे संकेत खरे मानून, त्याने मला शेजारच्या बोळात नेऊन ठेवले. मी कुठल्या बोळात आहे हे मला पिठाच्या गिरणीने सांगितले.

त्याहून खोल अडचण चौकात उभा राहिल्यावर कळली. स्थिर उभ्या माणसाचे तोंड कुठे आहे हे उपग्रहांना कळत नाही. दिशा ते आपल्या चालण्यावरून ठरवतात. म्हणजे ते 'इथे' सांगू शकतात, 'समोर' सांगू शकत नाहीत. उजवीकडे वळा, ही सूचना ऐकण्यासाठी आधी दोनचार पावले टाकावी लागतात, आणि चौकात नेमकी तीच पावले धोक्याची असतात. फोनातले होकायंत्र मदत करते, पण खिशातला फोन आडवातिडवा पडलेला असतो.

तेव्हा माझ्या अटी आता अशा झाल्या आहेत: दोन्ही वारंवारता घेणारा, सरकत्या बटणाचा, आणि आपली अनिश्चितता किती मीटर हे ॲपमार्फत आवाजात कबूल करणारा. ही तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'बहुधा इथे, पण वीस मीटर इकडेतिकडे' असे म्हणणाऱ्या यंत्राबरोबर काठी आणि कान सावध ठेवून चालता येते. पहिल्या दोन अटी पाळणारा रिसीव्हर मी पाहून ठेवला आहे. तिसरीसाठी पुढच्या शनिवारी माझा फोन घेऊन दुकानात जाणार आहे. विक्रेत्याला सांगितले आहे, डबी दारात आणून द्या, आत छप्पर आहे.