हे खरं आहे ना, आजी?

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रात्री यांना अचानक जाग आली, तेव्हा आमचा आठ वर्षांचा नातू त्यांच्या उशाशी उभा होता. त्याने आपला तळहात यांच्या नाकासमोर धरला होता. "काय रे, झोप येत नाही का?" असे यांनी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काही नाही आजोबा, श्वास बघत होतो," आणि आपल्या अंथरुणावर जाऊन निजला. सकाळी चहा घेताना यांनी मला त्याचे कारण विचारले. मला ते ठाऊक होते. पण तीन आठवडे मी ते घरात कोणालाही सांगितले नव्हते.

आता सांगते. माझ्या वयाच्या अनेक आजी-आजोबांवर आज नातवंडांना शाळेत, क्लासला, स्पर्धांना आणि क्वचित चित्रीकरणालाही नेण्याची जबाबदारी असते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी उपयोगी पडावे, म्हणून हे लिहिते आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनातले नातवाचे काम कोणीतरी पाहिले आणि एका मालिकेत नायकाच्या बालपणाची छोटी भूमिका त्याच्याकडे आली. बारा दिवसांचे काम होते. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे त्याच्याबरोबर जाणे माझ्याकडे आले. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता. शेजारणींना मी ते तीनतीनदा सांगितले. ठाण्याला घोडबंदर रस्त्यापलीकडच्या त्या स्टुडिओत सकाळी सातला पोहोचायचे, मेकअप करून बसायचे आणि शॉट मात्र कधी दुपारी तीनला, कधी संध्याकाळी. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही चार-पाच आया आणि आज्या बसलेल्या असू. रक्तदाबाची गोळी घ्यायला मी दोन दिवस विसरले, ती त्याच खुर्चीत.

सारेच वाईट होते असे मुळीच नाही. स्पॉटदादा मुलांना आठवणीने पाणी आणून देत. त्याच्या आईची भूमिका करणाऱ्या बाई प्रत्येक प्रसंगाआधी त्याला जवळ बसवून सांगत, "आता आपण भांडायचं हं, पण खोटंखोटं. कट म्हटलं की आपण पुन्हा मित्र." त्यांच्याबरोबर काम करताना तो फुलून येई. अभिनय हा त्याला भातुकलीसारखा खेळ वाटे, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो तसाच असायला हवा.

नवव्या दिवशी त्या बाई नव्हत्या. वडिलांच्या मृत्यूची बातमी ऐकून मुलगा रडतो, असा प्रसंग होता. ग्लिसरीनने त्याचे डोळे चुरचुरू लागले, पण रडू येईना. रात्रीचे आठ वाजले होते, सगळे कंटाळले होते. सहायक दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, घरी त्याला कोणाचा लळा जास्त आहे?" मी म्हणाले, "आजोबांचा." आणि पुढे, न विचारता, हेही सांगितले की चार महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेले, ते या पोराने पाहिले आहे.

तो परत गेला आणि मुलाच्या कानाशी वाकून काही बोलला. नातवाने वळून माझ्याकडे पाहिले. दिव्यांच्या त्या झगमगाटातून त्याला माझा चेहरा किती दिसला असेल कोण जाणे, पण तो मला विचारत होता, हे मला कळले. मी उठायला हवे होते. मी मान खाली घातली. पुढच्याच क्षणी तो असा रडू लागला की, शॉट एका टेकमध्ये झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी त्याच्या हातात चॉकलेट दिले, कोणी म्हणाले, "अरे वेड्या, गंमत केली! आजोबा ठणठणीत आहेत." त्याने फोन मागितला. यांचा आवाज ऐकला आणि एक शब्दही न बोलता फोन माझ्याकडे दिला. एरवी परतीच्या प्रवासात तो माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपे. त्या रात्री तो खिडकीला टेकून झोपला.

तो भाग प्रसारित झाला, तेव्हा नातेवाइकांचे फोन आले. "काय खरं रडलाय हो पोरगा!" असे प्रत्येकजण म्हणत होता. नातू तेवढ्यापुरता उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आणि त्यानंतर रात्री-अपरात्री उठून तो आजोबांचा श्वास तपासू लागला.

यांना मी सगळे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "हे तुझ्यासमोर झालं?" रागावले असते तर मला हलके वाटले असते.

मुलांना रडवण्याची ही युक्ती जुनी आहे, हे मला नंतर कळले. १९३१ साली हॉलिवूडमध्ये 'स्किपी' नावाचा चित्रपट निघाला. त्यातला बालकलाकार जॅकी कूपर रडेना, तेव्हा त्याचा लाडका कुत्रा पडद्याआड नेऊन गोळी झाडल्याचा आवाज करण्यात आला. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग कोणी परके नव्हते, त्याच्या मावशीचे यजमान होते. कुत्र्याला काहीही झाले नव्हते. टॉरोग यांना त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, आणि अभिनयाच्या ऑस्करसाठी नऊ वर्षांच्या जॅकीचे नाव सुचवले गेले. पण पन्नास वर्षांनी, १९८१ साली, त्याने आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याचे शीर्षकच 'कृपा करून माझ्या कुत्र्याला मारू नका' अशा अर्थाचे ठेवले. मोठ्यांनी दोन मिनिटांची गंमत केली होती. मुलाने ती आयुष्यभर जपून ठेवली.

त्याच्याही आधीचा जॅकी कूगन आपल्यापैकी अनेकांना चॅप्लिनच्या 'द किड'मुळे आठवत असेल. तो चित्रपट १९२१ चा. या मुलाने लाखो डॉलर मिळवले. मोठा होऊन पाहतो, तर आई आणि सावत्र वडिलांनी त्यातले बहुतेक खर्चून टाकलेले. १९३८ साली त्याला आईवर खटला भरावा लागला आणि हाती पडले ते सुमारे सव्वा लाख डॉलर. त्यातूनच पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा झाला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

बालपणी कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेल्या प्रत्येकाचे असेच होते, असे नाही. 'श्यामची आई'तले श्याम, माधव वझे, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. सचिन आणि महेश कोठारे यांनी १९६३ च्या सुमारास बालकलाकार म्हणून सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर याच क्षेत्रात मानाने काम केले. म्हणून दोष कॅमेऱ्याचा मानू नये. कॅमेऱ्यामागे उभी असलेली मोठी माणसे मुलाला काय समजतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर 'श्वास' पुन्हा पाहण्यात आला. २००४ साली आम्ही तो चित्रपटगृहात पाहिला होता आणि रडलो होतो. 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो राष्ट्रीय मान मराठीकडे परत यायला 'श्वास'पर्यंत वाट पाहावी लागली. कोकणातल्या खेड्यातून आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आजोबांच्या तोंडून ते शब्द फुटत नाहीत. आणि मुलाला हे सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. पहिल्यांदा पाहताना ते डॉक्टर मला कठोर वाटले होते. या वेळी वाटले, त्या साऱ्या इस्पितळात त्या पोराला पूर्ण माणूस मानणारा तोच आहे. त्याच्या डोळ्यांविषयी त्याला सांगायला नको, तर कोणाला सांगायचे?

(जाता जाता सांगून ठेवते. डोळ्याच्या पडद्याचा असा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश टाकून काढलेल्या छायाचित्रात बाहुली पांढरी चमकताना दिसली, किंवा नव्याने तिरळेपणा जाणवला, तर 'मोठेपणी जाईल' असे म्हणून थांबू नये. लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. वेळेवर कळले तर जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.)

साने गुरुजींच्या पुस्तकातली श्यामची आई पोहायला न जाणाऱ्या श्यामला मारते. आज ते मारणे आपल्याला पटणार नाही, आणि पटूही नये. पण ती त्याला फसवत नाही. तिचे रागावणेही खरे आणि नंतरचे कळवळणेही खरे. मी नातवावर कधी हात उगारला नाही, याचा मला अभिमान होता. पण विचार करू लागले, तेव्हा आठवले, की मीच त्याला "जेव, नाहीतर बुवा येईल" म्हटले होते. "इंजेक्शन मुळीच दुखत नाही" हे मीच सांगितले होते. "आई खाली भाजी आणायला गेली आहे, येईलच," असे सांगून त्याची आई गावाला निघून गेल्याचे मीच लपवले होते. त्या सहायक दिग्दर्शकाने नवे काय केले? मुलाकडून हवे ते करून घेण्याची आमच्याच घरातली रीत त्याने वापरली.

आमच्या जुन्या कुटुंबवैद्यांना मी सारे सांगितले. ते म्हणाले, "विसर, असं त्याला सांगू नका. झालं ते त्याच्यापाशी कबूल करा. आणि आजोबांच्या तब्येतीविषयी यापुढे त्याच्याशी खोटं बोलू नका, त्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा." त्या रविवारी मी नातवाला समोर बसवले. म्हणाले, "त्या काकांनी खोटं सांगितलं, ते चुकलं. मी तिथे असून गप्प बसले, ते जास्त चुकलं." तो बराच वेळ गालिच्याचे दोरे ओढत बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नव्हतंस." तीन आठवडे तो आजोबांची चिंता करीत होता, असे मी समजत होते. खरे तर त्याला माझा भरवसा उरला नव्हता.

तेव्हापासून यांचा रक्तदाब मोजण्याच्या वेळी तो शेजारी बसतो आणि वहीत आकडे लिहितो. १३० म्हणजे काय, १५० झाले तर काय करायचे, हे यांनीच त्याला समजावले. महिनाभरात त्याचे रात्री उठणे थांबले.

आपल्या नातवंडाला कोणी कामासाठी बोलावले, तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. त्यांनुसार मुलाला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही. मला यातले काहीच माहीत नव्हते. पण नियम नसते तरी काय? आज कोणता प्रसंग आहे, हे आधी विचारावे. मुलाला आपण दिसू, अशा जागी बसावे. तो आपल्याकडे वळून पाहील, तेव्हा उठून त्याच्याजवळ जावे. शॉट थांबला तर थांबू द्यावा. घरात मोबाइलवर काढायच्या चित्रफितींनाही हेच लागू आहे. मूल घाबरते आहे आणि आपण हसत चित्रण करतो आहोत, असे झाले, तर तोही एक सेटच.

डिसेंबरात यांना न्यूमोनिया झाला आणि रात्री दवाखान्यात दाखल करावे लागले. सकाळी नातवाने रिकामा पलंग पाहिला आणि स्वयंपाकघरात येऊन विचारले, "आजोबा दवाखान्यात आहेत, हे खरं आहे ना, आजी?" मी गॅस बंद केला आणि खाली बसले. म्हटले, "खरं आहे. त्यांच्या फुप्फुसात संसर्ग झाला आहे. औषध सुरू आहे. बरे होतील असं डॉक्टरांना वाटतं. काही बदललं, तर तुला मी सांगेन." त्याने क्षणभर माझ्या डोळ्यांकडे पाहिले आणि दप्तर घेऊन तो शाळेत गेला.

आठ दिवसांनी हे घरी आले. वहीत आठ ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. त्याने दवाखान्याचा कागद मागून घेतला आणि ते आठही दिवसांचे आकडे एकेक करून भरून काढले.