पावतीवरची तारीख

काम मिळायला अर्ज लागतो हे ठाऊक होतं. पण 15 दिवसांत काम दिलं नाही, तर घरी बसल्याचे पैसे सरकारनेच द्यायचे, हे ऐकून मी जाऊबाईंकडे बघतच राहिले.

लग्न होऊन महाराष्ट्रातल्या चंदगडहून कर्नाटकातल्या गुंदला आले, तेव्हा इथे सगळ्यांच्या तोंडी 'उद्योग खात्री' होती. 2005 चा मनरेगा कायदा तो हाच; त्यात वर्षाला घरटी 100 दिवस काम होतं. त्याचं मूळ असलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातच उभी राहिली, हेही मला कर्नाटकात येऊन कळलं!

काम मागायचा अर्ज, 'नमुना 6', कन्नडमधला. शाळकरी पुतणीने वाचून भरून दिला. मी पंचायतीच्या खिडकीत कागद सरकवून वळले, तर जाऊबाईंनी पदर ओढला. "अगं, पावती! तारखेची."

त्या तारखेपासून 15 दिवस मोजायचे. काम आलं नाही, तर पहिले 30 दिवस मजुरीचा चौथा हिस्सा भत्ता, पुढे निम्मा. 2025-26 ची मजुरी 370 रुपये होती, म्हणजे भत्ता साडेब्याण्णव. पावती नसेल तर आपण काम मागितलं होतं हेच सिद्ध होत नाही.

काम मिळालं, चर खणायचं. मग नवं कोडं. हजेरी मोबाइलवर, दोन वेळा फोटो. रानात रेंज नाही, म्हणून कायक बंधू, म्हणजे आमच्या गटाचे मुकादम, फोटो साठवून चढावर जाऊन पाठवायचे. दिवसभर राबलं की 370 मिळायचे असंही नाही. खोदलेली माती मोजायचे, मापात बसेल तेवढी मजुरी. आणि ती 15 दिवसांपेक्षा लांबली, तर भरपाई रोज 0.05 टक्के. पुतणीने हिशेब केला: 370 रुपयांवर दिवसाला साडेअठरा पैसे. सगळ्या बाया खो खो हसल्या.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. त्यात 125 दिवस आहेत. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षात 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची मुभाही आहे. सव्वाशेचा आकडा ऐकून शेजारच्या नव्या सूनबाई खूश झाल्या. त्यांना मी एवढंच म्हटलं, "दिवस शंभर असोत की सव्वाशे, पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका."