सूर लावायचा हक्क

मोलगीहून आमच्या काठी गावाला येणारी एक जीप मागे घेताना गाणे वाजवायची. चालकाने रिव्हर्स गिअर टाकला की मागच्या बाजूने ठरलेली धून सुरू व्हायची, ठरलेल्या पट्टीत आणि ठरलेल्या लयीत. आम्ही पोरे ती ऐकायला जीपभोवती गोळा व्हायचो. माझ्या आयुष्यात चिपचे संगीत आले ते असे, सातपुड्याच्या चढावर, धुरळ्यातून. अशा भोंग्यांत आणि दारावरच्या बेलमध्ये यूएम ६६ नावाची चिप असते, हे पुढे कळले. दिसायला ती ट्रान्झिस्टरसारखी, तीन पायांची. तीन व्होल्ट दिले की कारखान्यात भरून ठेवलेले ६४ पर्यंत स्वर ओळीने वाजवते. तिच्याकडून दुसरे काहीही वाजवून घेता येत नाही.

आमच्या गावाला याच्या अगदी उलट संगीताची सवय होती. काठीची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली आहे, असे जुनी माणसे सांगतात. पाड्यापाड्यांवरून ढोल येतात, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये नावाचे नर्तक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. त्या गर्दीत पावरी वाजत असते. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांधे बुजवायला मेण एवढ्यावर ती उभी राहते. प्रत्येक भोपळा वेगळा, म्हणून प्रत्येक पावरीचा आवाजही वेगळा. सूर पटला नाही तर वाजवणारा मेण गरम करतो, नळी सरकवतो आणि पुन्हा फुंकून बघतो. वाद्य बनवणारा, दुरुस्त करणारा आणि वाजवणारा बहुतेकदा एकच माणूस असतो.

या दोन आवाजांची सांगड माझ्या डोक्यात बसली ती आयटीआयला असताना. तिथे ५५५ ही आयसी हातात आली. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ च्या सुमारास तिची रचना केली, आणि आजही ती पाच-दहा रुपयांना मिळते. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडले की ती चौकोनी लहर तयार करते; स्पीकरला लावली की तोच स्वर. मी एका रेझिस्टरच्या जागी पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, लावला आणि फिरवत गेलो, तसा स्वर अखंड वर चढत गेला. की-बोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये जे स्वर दडलेले असतात, ते सगळे मला वाटेत भेटले. बंद धून वाजवणाऱ्या चिपच्याच घराण्यात असा मोकळा जीवही आहे, याचा झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड हे माझे तीर्थक्षेत्र झाले. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मला जुना गेम बॉय मिळाला. निन्टेन्डोने १९८९ मध्ये काढलेले हे हातातले खेळणे म्हणजे खरे तर चार आवाजांचे वाद्य आहे: दोन चौकोनी लहरींचे, एक सरसरत्या आवाजाचा आणि एक असा, की ज्याच्या लहरीचा आकार आपण ठरवायचा. जगभरातले हौशी लोक त्यावर एलएसडीजे किंवा नॅनोलूप हे प्रोग्राम चालवून गाणी रचतात. मी तो उघडला. व्हॉल्यूमच्या पॉटच्या पायांवरून, म्हणजे आतल्या ॲम्प्लिफायरच्या अलीकडून, दोन तारा आणि ग्राउंड काढून नवा जॅक बसवला. त्याने खरखर कमी झाली आणि खर्ज भरून आला. मग ४.१९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून त्या जागी बदलता येणारा ऑसिलेटर घातला. आता एक पॉट फिरवला की पट्टी आणि लय दोन्ही एकदम चढतात-उतरतात.

आकार ठरवता येणाऱ्या त्या आवाजात मी फार रमलो. एका लहरीचे ३२ भाग, प्रत्येक भागाला १६ पातळ्या. होळीत मोबाइलवर टिपलेल्या पावरीची एक लहर संगणकावर मोठी करून पाहिली आणि तिचा चढउतार त्या ३२ घरांत भरला. आवाजाचा पोत ओळखू येण्याइतका जवळ आला. पण फुंकर कमी-जास्त होताना पावरीचा स्वर जसा हलतो, तो मात्र त्यात नव्हता. पावरीची नक्कल करणे हे चिपचे काम नाही, एवढे मला त्यातून पटले.

मग चिपचे काम काय, याचे एक उत्तर मुंबईतच सापडले. तिथले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ या यंत्राच्या साथीने रागांची एक अख्खी ध्वनिमुद्रिका रेकॉर्ड केली होती. ते यंत्र बेस गिटारच्या जागी साथ करायला बनवलेले. त्यांनी त्याचे घसरते स्वर रागांच्या साथीला आणले. यंत्र बनवणाऱ्याच्या मनात काय होते, यापेक्षा हातात घेणाऱ्याला काय ऐकू येते, यावर संगीत ठरते.

आता मी स्वतःचे वाद्य बांधतो. झिरो पीसीबीवर एटीमेगा ३२८ ही प्रोग्राम करता येणारी चिप, आवाज मोठा करायला एलएम ३८६, एक छोटा स्पीकर, आठ बटणे, दोन पॉट आणि तीन पेन्सिल सेल. तळहातावर मावते आणि वीज गेली तरी वाजते. कोणत्या बटणाला कोणता स्वर द्यायचा, हे मीच प्रोग्राममध्ये लिहितो. म्हणून बारा स्वरांच्या चौकटीत न बसणारे पावरीचे स्वर जसेच्या तसे लावता येतात. पावरीशेजारी ते वाद्य वाजवले तेव्हा दोघांचा सूर जुळला, आवाज मात्र आपापला राहिला.

आज आमच्या भागात लग्नसराईत की-बोर्ड आणि ऑक्टापॅडवर गाणी वाजतात, पोरे त्यावर मनापासून नाचतात. त्या वाद्यांशी माझे भांडण नाही. काळजी एवढीच, की तयार टोन निवडण्याची सवय लागली की सूर आपण लावायचा असतो, हेच विसरायला होते. पावरी बनवणाऱ्यांनी हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या जपला. चिपच्या बाबतीतही तो सोडायचे कारण नाही.

म्हणून सातपुड्यातल्या आश्रमशाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांच्या हाती सोल्डरिंग आयर्न, ५५५ आणि एक पॉट द्या, आणि त्याच टेबलावर पाड्यावरच्या पावरी बनवणाऱ्या माणसालाही मानाने बसवा. मुलांना दोन्ही वाद्ये स्वतः बांधू द्या.